घरी जाऊन प्राण्यांची तपासणी: कामाच्या नोंदी, डोंबिवली, जून ते नोव्हेंबर २०२४

३ जून २०२४

आजपासून सुरू. नऊ वर्षं क्लिनिकमध्ये टेबलाच्या एका बाजूला उभं राहून काढली आणि रोज तेच चित्र, कुत्रं थरथरतंय, मांजर टोपलीच्या कोपऱ्यात चिकटून बसलंय, घरचे म्हणतायत "घरी असं नाही हो करत" आणि बाहेर अजून आठ जण नंबर लावून. दहा मिनिटांत काय बघणार. कशात खातो, कुठे झोपतो, उठताना कुठला पाय आधी टेकतो हे विचारलं तरी उत्तर अर्धंच मिळतं, कारण घरच्यांना ते रोज दिसत असतं पण सांगण्यासारखं वाटत नाही. म्हणून ठरवलं की आपणच जायचं. डोंबिवली पूर्व, पश्चिम, ठाकुर्ली आणि फार तर पलावा, त्यापुढे नाही, स्कूटर एकच आहे आणि पुलावरचं ट्रॅफिक सगळ्यांना माहितीये.

बॅग भरायला दोन दिवस गेले. स्टेथो, थर्मामीटर दोन (एक नेहमी फुटतं), कानाचा टॉर्च, नखं कापायचं, वजनकाटा, स्कॅल्प व्हेन (नळी लावलेली बारीक सुई), सिरिंज, आरएल म्हणजे सलाइनच्या बाटल्या, रक्ताच्या ट्यूब, मझल (तोंडाला बांधायची जाळी) तीन साइझचे, ०.२५ मिलिमीटरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया, आणि लसींसाठी आइस बॉक्स कारण २ ते ८ डिग्री सांभाळावंच लागतं, जूनच्या उकाड्यात तर जास्तच. वापरलेल्या सुयांसाठी पांढरा जाड डबा. २०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम आपल्यालाही लागू आहेत, कुणाच्या घरच्या केराच्या बादलीत सुई टाकायची नाही. माझ्या जुन्या सरांच्या दवाखान्यात असल्या कचऱ्याची गाडी येते, डबा भरला की तिथे नेऊन द्यायचा असं बोलणं झालंय.

११ जून

आठवड्यात सात फोन, त्यातले चार "केमिकल औषध नको, नॅचरल काहीतरी द्या" असे. कार्डावर होलिस्टिक लिहिलं त्याचा लोकांनी हा अर्थ घेतला. तो माझा अर्थ नाही, म्हणून आज बसून स्वतःसाठी लिहून काढलं. होलिस्टिक म्हणजे अख्खा प्राणी बघायचा, त्याचं खाणं, वजन, फरशी, जिने, घरातली माणसं, भीती, दुखणं, आणि त्यावर जे जे लागू पडतं ते सगळं वापरायचं. अँटिबायोटिक लागलं तर अँटिबायोटिक. रक्त तपासायचं असेल तर रक्त. अ‍ॅक्युपंक्चर करते, मी ते शिकलेय आणि दुखण्यात, पाठीच्या केसमध्ये फरक पडताना बघितलाय. व्यायाम आणि मसाज घरच्यांना शिकवते. हळद, कडुलिंब वगैरेच्या बाबतीत फार जपून, मांजराचं लिव्हर आपल्यासारखं काम करत नाही, माणसाला चालणारं तेल किंवा कापूर त्याला विष होऊ शकतो. आणि रेबीजची लस नको म्हणणाऱ्यांना मी आधी लस देते मग बाकीचं बोलते, त्यात तडजोड नाही.

एक बाई फोनवर जरा नाराज झाल्या. होऊ देत.

१९ जून

टिळकनगर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. ब्रुनो, लॅब्रॅडोर, साडेआठ वर्षं, "म्हातारा झाला म्हणून उठत नाही". दारातच कळलं. आख्खं घर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सचं, तो उठायला गेला की मागचे दोन्ही पाय बाजूला सरकतात, मग तो पुन्हा बसतो, मग दुसऱ्यांदा उठायचा प्रयत्नच करत नाही. नखं इतकी वाढलेली की पंजा फरशीला नीट टेकतच नाही. वजन ४१ किलो. पाहिजे साधारण ३१.

काकू म्हणाल्या खाणं फारसं नाही हो त्याचं. मग आम्ही दोघींनी ओट्याजवळ उभं राहून मोजलं. सकाळी दोन पोळ्या दुधात, दुपारी भात, संध्याकाळी काकांच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं, रात्री पुन्हा पोळी, वर डॉग फूड वेगळं. क्लिनिकमध्ये हे चहाचं बिस्किट मला कधीच कळलं नसतं, कारण काकांच्या मते ते खाणं नाहीच, ती त्या दोघांची सवय आहे. बिस्किट बंद नाही केलं. त्याऐवजी गाजराचा तुकडा, वेळ तीच, खुर्ची तीच.

लॅब्रॅडोरवरचा एक जुना अभ्यास मी प्रत्येकाला सांगते, आज काकांनाही सांगितला. ४८ पिल्लं घेतली, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, जन्मभर. २००२ साली निकाल छापून आला, कमी खाणारे जवळपास पावणेदोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. काका गप्प झाले, मग म्हणाले "पावणेदोन वर्षं म्हणजे फार झाली की".

नखं कापली, बेडपासून दारापर्यंत आणि दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुन्या योगा मॅट अंथरायला सांगितल्या. मुलीच्या दोन मॅट कपाटावर पडल्याच होत्या, लगेच टाकल्या. ब्रुनो त्यावर एका दमात उठला. औषध अजून दिलंच नव्हतं. काकूंच्या डोळ्यात पाणी. त्यानंतर सांधे तपासले, रक्त घेतलं, किडनी लिव्हर ठीक आलं की दुखण्याचं औषध सुरू करायचं.

८ जुलै

रात्रभर पाऊस, ट्रॅकवर पाणी, लोकल बंद, स्कूटर काढायचा प्रश्नच नाही. दोन व्हिजिट पुढे ढकलल्या.

पण एक फोन महत्त्वाचा. तीन वर्षांचा बोका, कालपासून ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, ओरडतोय, घरच्यांना वाटलं पोट साफ होत नाहीये, "तुम्ही घरी येऊन एनिमा द्या". विचारलं लघवीचा ओला गोळा ट्रेमध्ये दिसतोय का, तर म्हणे नाही, काल दुपारपासून नाही. लघवी अडकलेला बोका. हे घरी करायचं काम नाही, मी पोचेपर्यंत थांबायचंही नाही, भूल द्यावी लागते, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालावी लागते, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. रिक्षा मिळेल तशी पकडा आणि ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जा असं सांगितलं, पत्ता दिला, तिथल्या डॉक्टरांना फोन केला. रात्री मेसेज आला, कॅथेटर घातलाय, बोका शुद्धीवर आहे.

वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने यादी केली, कुठल्या फोनला मी जायचंच नाही तर थेट दवाखान्यात पाठवायचं: अडकलेली लघवी, फुगलेलं पोट, धाप, थांबत नसलेली फिट, गाडीचा मार, बाळंतपणात अडलेली कुत्री. यादी आधीच करायला हवी होती.

१५ जुलै

गोग्रासवाडी. आजी एकट्या राहतात, ७४ वय, आणि साखरी नावाची मांजरी, चौदा वर्षांची. वजन ३.२ किलो. पाणी खूप पिते, खाणं कमी, केस राठ झालेत. मागच्या आठवड्यात रक्त आणि लघवी घेतली होती, क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ३.४, लघवी पातळ, म्हणजे किडनीचा तिसरा टप्पा. हे बरं होत नाही, सांभाळायचं असतं, आणि सांभाळणं घरीच होतं. साखरीला रिक्षात घातलं की ती तोंड उघडून धापा टाकते, आणि घाबरलेल्या मांजराची शुगर, ब्लडप्रेशर सगळंच चढलेलं येतं, खरं काय ते कळत नाही. इथे ती फ्रिजवर बसून माझ्याकडे बघत होती, मी अर्धा तास आजींशी गप्पा मारल्या, मग स्वतःच खाली आली, तेव्हा मांडीवर बीपी मोजलं.

खाण्याचं विचारलं तर डबा उघडून दाखवला, सुका बोंबील. मीठ आणि फॉस्फरस दोन्ही नको असलेल्या गोष्टी. आजी म्हणाल्या "अगं चौदा वर्षं खातेय ती". एकदम तोडलं तर मांजर खाणंच सोडतं आणि ते जास्त वाईट, म्हणून किडनीच्या मांजरांचं ओलं (वेट) फूड आणि त्यावर बोंबील भिजवून काढलेलं नुसतं पाणी एक चमचा, तेही दोनदा पाणी बदलून, हळूहळू कमी करत न्यायचं. पाण्याचं भांडं ट्रेच्या शेजारी होतं, ते उचलून खिडकीपाशी ठेवलं आणि दुसरं एक दिवाणाजवळ.

मग सलाइन शिकवलं. एक दिवसाआड १०० मिलि, कातडीखाली. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवायची, आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा, बाळाचं दूध बघतो तसं. मग कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगायची. खांद्याच्या दोन हाडांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की तंबू होतो, त्या तंबूच्या तळाशी सुई आडवी घालायची, सरळ खाली नाही. आजींचा हात पहिल्यांदा इतका थरथरला की सुई कातडीतून आरपार जाऊन बाहेर आली आणि पाणी साखरीच्या पाठीवरून ओघळलं, साखरी ढिम्म. मी म्हटलं परत. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी आजींनी चष्मा काढला, डोळे बारीक केले आणि मला म्हणाल्या "मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवलेत गं, सुई मला कळते, तू बोलू नकोस जरा". गेली बरोबर. खांद्याशी लिंबाएवढा फुगा आला तेव्हा घाबरल्या, सांगितलं तो खाली उतरत पायापर्यंत जाईल आणि रात्रीत जिरेल. मी दाराबाहेर पडेपर्यंत साखरी परत फ्रिजवर.

२ ऑगस्ट

एमआयडीसी निवासी भाग. कंदी, डॅशहंड, पाच वर्षं, काल संध्याकाळी दिवाणावरून उडी मारली आणि किंचाळली, सकाळपासून मागून डुलतेय. पाठ कमानीसारखी, छातीच्या शेवटच्या मणक्यांपाशी हात लावला की अंग ताठ. मागचा पंजा उलटा करून ठेवला तर सरळ करायला तीन चार सेकंद घेते, म्हणजे नसेवर दाब आहे. बोट चिमटीत धरल्यावर वळून चावायला आली, चांगली खूण, खोलवरची संवेदना आहे. लघवी होतेय.

या जातीत मणक्यांमधली चकती कडक होऊन फुटणं फार, पाय आखूड ठेवणारा जीनच त्याला कारण. दादांनी रात्री मेडिकलमधून स्वतःच्या कंबरदुखीची गोळी आणून अर्धी दिली होती. डायक्लोफेनॅक. ते कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक आहे, आणि वर आता मी स्टेरॉइड दिलं असतं तर आतड्याला छिद्र पडू शकतं. म्हणून आधी पोट सांभाळायचं औषध आणि दोन दिवस नुसतं गॅबापेंटिन, नसेच्या दुखण्याचं औषध. (हेच डायक्लोफेनॅक गुरांना देऊन आपली गिधाडं संपत आली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांच्या मेडिकलमध्ये मात्र ते सहज मिळतं.)

खरं औषध म्हणजे कोंडून ठेवणं. पाच आठवडे. घरात बाळाला खेळायला ठेवायचा जुना लाकडी कठडा होता, तो जमिनीवर ठेवला, आत गोधडी. फक्त शी शूला, तेही पोटाखालून ओढणी घालून उचलून धरून. वहिनी म्हणाल्या ती रडेल. रडेल, पण पाच आठवडे.

सुया लावल्या, दुखऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना, कमरेत शेपटीच्या वर बाय हुई नावाच्या जागी, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला ज्याला एसटी ३६ म्हणतात तिथे. पाच मिनिटांनी मान खाली टाकली, दहा मिनिटांनी घोरायला लागली, वहिनी कुजबुजत "झोपली?" दादा व्हिडिओ काढत. वीस मिनिटांनी काढल्या. आठवड्यातून दोनदा यायचं. आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजला लावलं: पाय पूर्ण गेले, लघवी थांबली किंवा बोट चिमटल्यावर कळेनासं झालं तर मला फोन करत बसू नका, त्याच तासात मुंबईत परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलला निघा.

२४ ऑगस्ट

ही नोंद लिहायला त्रास होतोय तरी लिहिणार.

भीमा, रॉटवायलर, दहा वर्षं, ४४ किलो, ठाकुर्ली. डावा पुढचा पाय लंगडतोय म्हणून ६ तारखेपासून जातेय. कमरेचे सांधे जुने खराब, वय झालेलं, त्यामुळे हाही संधिवातच असं मी धरून चालले. चार वेळा सुया लावल्या, मसाज, मॅट, औषध. दोन दिवस बरा वाटायचा, परत लंगडायचा. आज मनगटाच्या जरा वर हात फिरवताना हाड उजव्यापेक्षा जाड लागलं, गरम, आणि दाबल्यावर इतका गरीब कुत्रा गुरगुरला. पोटात खड्डा पडला माझ्या. मोठी जात, वयस्कर, पुढचा पाय, मनगटाच्या वरचं टोक, कॉलेजात पाठ केलेली जागा आहे ही.

२७ ऑगस्ट

एक्स-रे झाला. हाडाचा कॅन्सर. हाडाची कड कुरतडलेली आणि बाहेर सूर्याच्या किरणांसारख्या रेषा. छातीचा पण काढला, फुप्फुसात दोन गोळे दिसतायत.

काकांना मी स्पष्ट सांगितलं की अठरा दिवस उशीर माझ्यामुळे झाला, पहिल्याच दिवशी एक्स-रे सांगायला हवा होता. फुप्फुसातलं आधीच असणार, त्यामुळे शेवट बदलला नसता, पण ते अठरा दिवस त्याला जास्त जोरदार औषध मिळालं असतं, तेवढा कमी दुखला असता. काका बराच वेळ भीमाच्या कानामागे खाजवत राहिले. मग म्हणाले "आता पुढचं बोला डॉक्टर". पाय काढायचा पर्याय सांगितला, मागचे सांधे असे असताना तीन पायांवर ४४ किलो पेलणार नाहीत हेही सांगितलं. ठरलं की दुखणं कमी ठेवायचं, घरीच.

आजपासून नियम: लंगडणारा प्राणी, विशेषतः मोठ्या जातीचा, एक्स-रे आधी, सुई नंतर. घरी जाण्याचं हे एक नुकसान आहे, मशीन हाताशी नसतं म्हणून आपण हातावर भागवायला बघतो, आणि सुईने दुखणं थोडं दबतं त्यात खरं कारण लपतं.

१२ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, पश्चिमेला रस्ते बंद, चालतच गेले. इंडी म्हणजे देशी कुत्री, तीन वर्षं, अंगावर गोचीड. कुणीतरी व्हिडिओ पाठवला म्हणून दहा दिवस रोज लसूण वाटून दह्यातून देत होते, गोचीड पळतात म्हणून. हिरड्या पांढऱ्याफटक. ताप १०४. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि खाली गोचीड ताप होताच. हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट ४२ हजार, एर्लिकियाची, म्हणजे गोचीड तापाच्या जंतूची, टेस्ट पॉझिटिव्ह. पहिले दोन दिवस दवाखान्यात ठेवायला लावलं, रक्त चढवायची वेळ आली तर तिथे सोय आहे. मग घरी. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक) २८ दिवस पूर्ण, खाण्याबरोबर, पण दुधातून नाही, दुधात औषध नीट अंगी लागत नाही. सहाव्या दिवशी बरं वाटलं की लोक बंद करतात, म्हणून कॅलेंडरवर २८ फुल्या मारून आले, घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला फुली खोडायचं काम दिलं. प्रेमापोटीच केलं होतं त्यांनी, ओरडायचं काही कारण नव्हतं.

२१ सप्टेंबर

कंदी चालतेय. जरा डुलते, वळताना उजवा पाय मागे राहतो, पण स्वतः. वहिनी म्हणतात सुयांनीच झालं. मी सांगितलं की या अवस्थेतली बरीच कुत्री नुसत्या सक्तीच्या आरामावरही उभी राहतात, सुयांनी किती आणि कठड्याने किती हे मला वेगळं करून सांगता येणार नाही, पण पहिल्या आठवड्यात दुखणं लवकर उतरलं आणि ती शांत झोपायला लागली हे तुम्ही आम्ही बघितलं. दिवाणाला उतार बनवायचं ठरलं, दादांकडे जुनी फळी आहे, वर सतरंजी ठोकायची.

६ ऑक्टोबर

भीमा गेला. काल रात्रीपासून खाल्लं नाही, शेपूट हलली नाही. काकांनी फोनवर एवढंच म्हटलं, "या".

देवघरासमोरच्या त्याच्या सतरंजीवर होता. आधी पूर्ण गुंगी, ती चढेपर्यंत काकूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, बोटाने श्रीखंड चाटवलं, दोन वेळा जीभ फिरवली त्याने. तो गाढ झोपल्यावरच शिरेत सुई घातली, मग शेवटचं औषध. स्टेथो लावून मी पूर्ण पाच मिनिटं ऐकत बसले, घाई करायची नाही हे ठरवलेलं असतं. शेजारची भुरी मांजर दारातून आली, त्याचा पंजा हुंगला आणि गेली. घरी हे करणं क्लिनिकच्या स्टीलच्या टेबलापेक्षा इतकं वेगळं आहे की फक्त याच्यासाठी सुद्धा हे काम मी करत राहीन. फी घेतली नाही.

२९ ऑक्टोबर

फटाक्यांचे फोन. आता सुरू केलं तर उशीर झालाय, आवाजाची सवय दोन तीन महिने आधीपासून लावावी लागते, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सगळ्यांना मेसेज टाकायचा. यंदा एवढंच: रस्त्यापासून लांबची खोली, पडदे, पंखा फुल, टीव्ही चालू, पट्ट्यावर फोन नंबर, संध्याकाळी सहाच्या आत फिरवून आणायचं. फार घाबरणाऱ्या चौघांना भीतीचं औषध दिलं, पहिला फटाका वाजायच्या दीड दोन तास आधी द्यायचं. नुसत्या गुंगीच्या जुन्या गोळ्या देऊ नका हे प्रत्येकाला सांगितलं, त्यात अंग ढिलं पडतं आणि भीती आत तशीच राहते, प्राणी फक्त पळू शकत नाही. घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते असं कुणीतरी सांगितलेलं असतं, तसं काही नाही, खुशाल जवळ घ्या.

दिवाळी पहाटेला फडके रोडला स्कूटर जाणार नाही, त्या दिवशीच्या व्हिजिट मागच्या गल्लीने.

१४ नोव्हेंबर

ब्रुनो ३५.६ किलो. खालच्या मजल्यावर स्वतः उतरतो, चढताना अजून ओढणीचा आधार. काका स्वतःही चहाबरोबर गाजर खायला लागलेत.

साखरीचं क्रिएटिनिन ३.१, वजन ३.३. आजी म्हणतात आता ती सलाइनच्या दिवशी पातेल्याचा आवाज आला की स्वतः दांडीखाली येऊन बसते, कोमट पाणी आवडतं बहुतेक. मी बघितलं, खरंच बसली. आजींचा हात आता माझ्यापेक्षा स्थिर. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकांच्या मांजराला पण किडनीचंच निघालंय, त्यांना शिकवायला आजी स्वतः गेल्या होत्या, जुना मऊ टॉवेल गुंडाळून त्यावर आधी सराव करून घेतला म्हणे. टॉवेलची युक्ती मला सुचली नव्हती, पुढच्या वेळेपासून मीही तेच करणार.

उद्या: सुयांचा डबा सरांकडे पोचवायचा, तीन चतुर्थांश भरलाय. आजींना आरएलच्या सहा बाटल्या आणि २० नंबरच्या सुया. कंदीच्या फळीचा उतार फार उभा झालाय, दादांना अजून दीड फूट लांब फळी लावायला सांगायचं.